संजीवनीचा चोथा

“सुटलं! दगडाला पाणी सुटलं!”

पुढच्या रांगेतली बाई ओरडली आणि अख्खं गोदाम उठून उभं राहिलं. भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या अंगाला प्लायवूडचं एक बंद पडलेलं गोदाम आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी श्वासानंद महाराजांचा दरबार भरायचा. पत्र्याखाली दाटीवाटीने बसलेली माणसं, त्यातली निम्मी खोकणारी. कुणाला जुनाट दमा, कुणी कोविडमधून उठूनही न सावरलेलं, कुणाच्या खांद्यावर घरघरणारं मूल. इतकी माणसं एका छपराखाली एकदम खोकताना मी कधी ऐकली नव्हती.

स्टेजवर महाराज होते. पंचेचाळिशीचे, दाढी नीट कोरलेली, अंगात कडक पांढरा झब्बा, गळ्याशी माइक. त्यांच्या डाव्या तळहातावर एक पांढरा खडा होता, त्याचं नाव ‘हिमकण’. उजव्या हातावर दुसरा, ‘चंद्रकण’. दोन्ही कोरडे ठणठणीत. पुढच्या रांगेतल्यांनी ते हातात घेऊन पाहिलेही होते. मग महाराजांनी तळवे जुळवले, एकमेकांवर फिरवत डोळे मिटून पुटपुटले आणि हात उघडले. खडे गायब. तळहातावर चमकणारं, किंचित तेलकट पाणी.

“माऊली, हे पाणी नाही. हा श्वास आहे!” महाराज म्हणाले. “डॉक्टर काय सांगतो? ऑक्सिजन लावा. अरे, ऑक्सिजन म्हणजे काय? ओम् आणि जन! ज्या जनाच्या आत ओम्, तो ओम्जन! गोऱ्या साहेबाला ओम् म्हणता येईना, त्याने केलं ऑक्सि. आणि आपण असे भोळे, आपलाच ओम् त्याच्याकडून बाटलीत भरून विकत आणतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारचे गृहस्थ चांगले टाय लावलेले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

“सिलिंडर बाहेरून कोंबतो. मी आतून उघडतो. काय करतो?”

“आतून उघडतो!” गोदामाने उत्तर दिलं.

सेवेकरी त्या तीर्थाच्या वाट्या घेऊन रांगांतून फिरू लागले. प्रत्येकाच्या नाकाखाली एक बोट, छातीवर एक बोट. ज्यांना स्टेजवर बोलावलं जाई त्यांच्या छातीवर महाराज स्वतः फुंकर घालत. फुंकर बसली की माणूस शहारायचा. “आई गं, बर्फ!” कुणी म्हणायचं. कुणी डोळे मिटून लांब श्वास घ्यायचं आणि रडायला लागायचं.

माझ्याही ओठावर बोट फिरलं. खोटं कशाला सांगू, नाक कपाळापर्यंत मोकळं झालं. मोगऱ्याचं अत्तर आणि कापूर यांच्या दाट वासाखाली आणखी एक वास होता. तो मी रोज घेते. पण तेवढ्यात महाराज म्हणाले, “आता आपला सुबोध बोलेल,” आणि माझा विचार तिथेच तुटला.

पहिल्या रांगेतून एक उंच, खांद्याने रुंद पण आता कपडे लोंबणारा माणूस उठला आणि कुणाचा हात न धरता स्टेजच्या पायऱ्या चढला. लोकांनी जयजयकार केला. तो माझा दादा होता.

दादा मुलुंडच्या तलावावर पोहण्याचा कोच होता. वीस वर्षं त्याने पोरांना पाण्यात ढकललं आणि पाण्यातून वर काढलं. एका दमात पाण्याखालून तलावाची लांबी पार करणारा माणूस. दीड वर्षापूर्वी त्याला कोरडा खोकला सुरू झाला. आधी धूळ म्हणाले, मग ॲलर्जी म्हणाले, शेवटी परळच्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला आणि शब्द कळला: फायब्रोसिस. फुप्फुसं आतून निबर होत जातात, वाळलेल्या स्पंजसारखी. कारण सापडलं नाही. औषधाने वेग कमी होतो, आजार थांबत नाही. फुप्फुस बदलणं हा एकच रस्ता. त्यासाठी आधी ढीगभर तपासण्या, मग यादीत नाव, मग वाट.

अनुपमा वहिनीने ते सगळं ऐकलं आणि घरी येऊन पोळ्या केल्या. विमा कंपनीत नोकरी करणारी, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचणारी बाई. नवस-सायास तिने कधी केले नव्हते. पण दादा आंघोळ करून बाहेर आला की पलंगावर बसून धापा टाकायचा आणि ती बाथरूमच्या दारापाशी टॉवेल धरून नुसती उभी राहायची. असे महिने गेले. मग ऑफिसातल्या कुणीतरी तिला महाराजांचा व्हिडिओ पाठवला.

पहिल्या गुरुवारनंतर दादा तिसऱ्या मजल्याचा जिना मध्ये न थांबता चढला. दुसऱ्या गुरुवारनंतर ऑक्सिजनचं मशीन चादर टाकून कोपऱ्यात गेलं. परळच्या तपासण्यांची तारीख आली तेव्हा वहिनीने फोन करून सांगितलं, “आम्ही सध्या येत नाही.” हे मला तब्बल तीन आठवड्यांनी कळलं. मी वहिनीशी भांडले. तिने शांतपणे सांगितलं, “तू एकदा ये. बघ. मग बोल.” म्हणून मी त्या गोदामात होते.

“मी गोळ्यांवर, मशीनवर जगत होतो,” दादा माइकवर सांगत होता. “आज तुमच्यासमोर उभा आहे. महाराजांनी मला श्वास दिला.” बोलताना त्याचे डोळे चमकत होते. तो नाटक करत नव्हता. दर वाक्यानंतर तो थांबत होता, ते मात्र टाळ्यांमध्ये कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात तीर्थाची कुपी आणि पाल्याच्या भुग्याची पुडी दिली गेली. ‘हिमालयीन प्राणसंजीवनी’. दक्षिणा ऐच्छिक होती, पुडी सक्तीची. दादा आणि वहिनी तो भुगा रोज पाण्यात उकळून वाफ घेत. डॉक्टरांच्या गोळ्याही आता बंद झाल्या होत्या, कारण महाराजांच्या मते संजीवनीला सवत चालत नाही.

मी अंधेरीला एमआयडीसीत एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. आमचा विषय विचित्र वाटेल असा आहे: पुदिन्याचा चोथा. उत्तरेकडे मोठ्या प्रमाणावर पुदिना पिकवतात, भल्यामोठ्या पिंपात वाफेवर शिजवून त्याचं तेल काढतात. तेल थंड केलं की त्यातून सुईसारखे पांढरे स्फटिक खाली बसतात. तेच मेंथॉल, म्हणजे आपलं पुदिन्याचं फूल; बामापासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडचा गारवा. मागे उरतो शिजलेला पाला आणि काड्यांचा डोंगर. तो बहुतेकदा जाळतात नाहीतर सडत पडतो. त्या उरलेल्या पाल्यात वाफेबरोबर उडून न जाणारी कितीतरी द्रव्यं शिल्लक असतात. त्यातलं एक तेलाला खवट होऊ देत नाही, म्हणून खाद्यपदार्थांत वापरता येतं. ते काढायचं कसं, किती शुद्ध मिळतं, पुन्हा पुन्हा तितकंच मिळतं का, हे आम्ही बघतो. दिवसभर हातात तोच पाला.

त्यामुळे शुक्रवारी सकाळी पुडी उघडली तेव्हा माझा हात क्षणभर थांबला. रंग ओळखीचा. तपकिरीकडे झुकलेला, उकळून मेलेला हिरवा.

मी चिमूटभर पाला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पुदिन्याच्या पानावर तेलाच्या बारीक गोल पिशव्या असतात. ताज्या पानावर त्या टपोऱ्या दिसतात. इथे एकजात फुटलेल्या, रिकाम्या. म्हणजे कुणीतरी हा पाला आधीच शिजवून त्यातलं तेल काढून घेतलं होतं. तरीही पुडीला गार वास होता, कारण वरून मेंथॉल शिंपडलेलं होतं. द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या मशीनवर नमुना लावला. आमच्या चोथ्याचा आलेख आणि महाराजांच्या संजीवनीचा आलेख वरचं मेंथॉल वगळून शेजारी शेजारी ठेवले, तर माझ्या सहकाऱ्याला कुठला कुठला ते सांगता येईना. दादाने गोळ्या सोडून जी संजीवनी घेतली होती, तो कारखान्यामागे फेकलेला कचरा होता.

मला आनंद झाला, हे कबूल करते. वाटलं, संपलं. आता घरी जाऊन दाखवते.

रविवारी सकाळी मी दुकानातून आणलेल्या खड्यांच्या दोन बाटल्या घेऊन मुलुंडला गेले. दादा खिडकीशी बसला होता, नाकाखाली तीर्थाचं बोट फिरवत. वहिनी चहा टाकत होती.

“दादा, हात पुढे कर.”

मी त्याच्या एका तळहातावर एक खडा ठेवला, दुसऱ्यावर दुसरा. “आता चोळ.”

तो हसत चोळू लागला. मग हसणं थांबलं. तळहातावर पाणी आलं होतं.

“वहिनी, बघ. हा तुझा हिमकण, पुदिन्याचं फूल. हा चंद्रकण, ओव्याचं फूल. आयुर्वेदिक दुकानात मिळतात. वेगवेगळे असतात तोवर घट्ट. एकमेकांना भिडले की एकमेकांची वीण सैल करतात आणि हाताच्या उबेत वितळतात. मंत्र म्हणा, पाढे म्हणा, शिव्या द्या, पाणी होणारच.”

वहिनीने दादाच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“झालं तुझं?”

“अगं, आणि तो पाला...”

“झालं का तुझं, विचारते मी.” तिने गाळणी ओट्यावर ठेवली. “महाराज खोटे. बरं. मग तुझ्याकडे काय आहे ते दे ना मला. डॉक्टर सांगतात वाढत जाणार. सांगताना ते स्क्रीनकडे बघतात, माझ्याकडे नाही. तू सांगतेस हे फसवतात. तुम्हा दोघांचं खरं घेऊन मी काय करू, ऋता? भाजीत घालू? त्या माणसाने ह्यांच्या छातीवर हात ठेवला आणि हे जिना चढले. माझ्यासमोर चढले.”

दादाच बोलला.

“मला बरं वाटतं रे बाळा. छातीवरचा दगड हलतो. ते काय खोटं आहे?”

“बरं वाटतं ते खरं आहे. बरं होतंय हे खोटं आहे.”

“फरक काय?”

मी त्याला सांगितलं. नाकात आणि कातडीत थंडी ओळखणाऱ्या नसा असतात. मेंथॉल त्या नसांना जाऊन डिवचतं. हवा तेवढीच, तिचं तापमानही तेवढंच, पण नस मेंदूला कळवते, गार वारा आला. मेंदू समजतो, भरपूर हवा येते आहे. ओल्या जागेवर फुंकर मारली की तो गारवा दुप्पट लागतो. फुप्फुसापर्यंत यातलं काही पोचत नाही. धाप लागल्याचा निरोप तेवढा दबतो. “दारावरची बेल काढून टाकली म्हणून पाहुणे यायचे थांबत नाहीत, दादा. तुझा विश्वास नाही ना? बोटाला ऑक्सिमीटर लाव. आत्ता कळेल.”

दादाने मूठ मिटली. “महाराजांनी यंत्राला मनाई केली आहे. यंत्र लावलं की शंका येते. शंका आली की श्वास तुटतो.”

“किती सोयीचं!”

“तू जा आता,” वहिनी म्हणाली.

मी गेले. जिन्यात बसून रडले. विज्ञान माझ्या बाजूला होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. मी फोन करायचे, वहिनी “बरे आहेत” म्हणून ठेवून द्यायची. व्हिडिओ कॉलवर दादाची निळसर पडलेली नखं दिसू नयेत असा ती फोन धरायची. तिलाही आतून कळत होतं, असं मला आज वाटतं. मान्य केलं तर पुढे काय, याचं उत्तर नव्हतं म्हणून ती मान्य करत नव्हती. दरम्यान दादाचा अनुभव सांगणारा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. “कोचसरांना फरक पडला म्हणून आलो,” असं सांगत तलावावरची माणसं, जुन्या विद्यार्थ्यांचे आईबाप दरबारात यायला लागले. त्यातच काशीरामकाका आले.

काशीरामकाका तलावावरचे जुने जीवरक्षक. मालवणकडचे, निवृत्त होऊन भांडुपलाच राहायचे. जुना दमा होता, तोंडात ओढायच्या औषधाच्या पंपावर ठीक चाललं होतं. दादाला जाऊन भेटले आणि म्हणाले, “सुबोधा, तुका गुण इलो तर माका पण येतलो. ह्यो पंप आता कित्याक व्हयो?” आणि पंप त्यांनी कचऱ्यात टाकला.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. “काशीरामकाका गेले. हे जायचं म्हणतात. एकटीने मला नाही जमणार. ये.”

काकांच्या खोलीत त्यांच्या पत्नी वनमालाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादाला बघून त्यांनी त्याचा हात धरला. त्यांच्या तोंडून एकही कडू शब्द आला नाही, तेच जास्त जड गेलं.

“शेवटपर्यंत म्हणत होते रे, माका बरा वाटता,” त्या सांगत होत्या. “ओठ निळे पडले, तरी बोट बुडवन नाकाक लायत होते. मी म्हटलंय हॉस्पिटलात जावया, तर म्हणाले, कित्याक? माका बरा वाटता.”

खाली उतरताना दादा पहिल्याच वळणावर पायरीवर बसला. मला वाटलं दम लागला. दम होताच, पण तो दुसऱ्याच कशाने तरी बसला होता.

“ऋता, आमच्या तलावावर एक पोरगा होता,” तो तुटक तुटक बोलू लागला. “पाण्याखाली जास्त वेळ राहायचं म्हणून आधी भराभर श्वास घ्यायचा. असं केलं की श्वास घ्यावासा वाटतच नाही. शरीरातली हवा संपते, पण कळत नाही. तो तळाशी बेशुद्ध पडला. काशीरामकाकांनीच काढला. शुद्धीवर आल्यावर काय म्हणाला माहितीये? सर, मला तर मस्त वाटत होतं.”

वहिनी त्याच्या मागच्या पायरीवर उभी होती.

“नंतर प्रत्येक बॅचला मी ते शिकवलं. पाण्याखाली मस्त वाटायला लागलं की वर या. मस्त वाटणं म्हणजे हवा नव्हे. काकांनीही शिकवलं. आणि आम्ही दोघं...” त्याने तोंडावर हात ठेवला. “माझ्यामुळे आले ते, अनु. माझा व्हिडिओ बघून.”

मग त्याने माझ्यापुढे बोट धरलं.

ऑक्सिमीटर माझ्या पर्समध्ये होताच. आकडा स्थिरावायला वेळ लागला. एक्क्याऐंशी. कोविडने मुंबईतल्या प्रत्येक घराला त्या आकड्याचा अर्थ शिकवला आहे. वहिनीने तो पाहिला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. घरी गेल्यावर तिने मशीनवरची चादर काढली.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं दरबारात गेलो. मी नको म्हणत होते. परळला फोन झाला होता, औषधं परत सुरू झाली होती, आता गर्दीत जाऊन जंतुसंसर्ग घेऊन आला तर? दादा ऐकेना. “मी स्टेजवरून सांगितलं होतं. स्टेजवरूनच परत घेणार.” एका पिशवीत छोटा सिलिंडर होता. वहिनीच्या खांद्यावरच्या पिशवीत काय आहे ते तिने मला सांगितलं नव्हतं.

महाराजांनी दादाला बघितलं आणि हात पसरले. “आला आपला सुबोध! काशीराम माऊली मुक्त झाली, ऐकलं. पुण्यवान! शेवटच्या क्षणी त्रास नाही, तडफड नाही. श्वासाने स्वतः हात धरून नेलं!”

दादाचा चेहरा दगडासारखा होता. त्याने नाकाखाली तीर्थ लावून घेतलं, छातीवर फुंकर घेतली, माइक हातात घेतला.

“बरं वाटतंय,” तो म्हणाला. गोदाम गरजलं.

“खरंच बरं वाटतंय. आता हे बघा.” त्याने खिशातून ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला आणि पहिल्या रांगेतल्या बाईसमोर हात धरला. “ताई, मोठ्याने वाचा.”

“त्र्याऐंशी,” ती बाई वाचून गेली आणि मग काय वाचलं ते तिच्या लक्षात आलं. “अहो, तुम्हाला ॲडमिट व्हायला पाहिजे!”

मागच्या रांगांतले लोक उठून बघायला लागले.

“काशीरामकाकांनाही बरंच वाटत होतं,” दादा म्हणाला. “मी तुम्हाला मागे सांगितलं ते चुकीचं होतं. पंप सोडू नका. गोळ्या...”

माइक बंद झाला. सेवेकऱ्याने वायर ओढली होती. महाराज आपल्या माइकवरून हसत म्हणाले, “यंत्राला शंका आली, माऊली! बिचाऱ्याचा सेल कमजोर, श्रद्धेसारखाच!” दोनचार लोक हसले. दादा बोलत राहिला. ओठ हलत होते, पण त्याच्या छातीत आता इतका वारा नव्हता की शब्द दुसऱ्या रांगेपर्यंत जावा. एकेकाळी तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारा माणूस. मी स्टेजकडे धावले, तर दोघांनी मला दंडाला धरून मागे खेचलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की वहिनी शेजारी नाही.

ती मधल्या वाटेत होती. पिशवीतून दोन डबे काढून ती बायकांच्या हातांवर खडे ठेवत चालली होती. “चोळा. मंत्र नका म्हणू. नुसतं चोळा.” एक हात, दुसरा हात, तिसरा. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा न बोलणारी बाई आता ओरडत होती. “बघा, झालं ना पाणी? तुमच्या हातात कुठला महाराज आहे? पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल! दुकानात मिळतं!”

एका रांगेत पाणी सुटलं, दुसऱ्या रांगेत सुटलं. लोक एकमेकांचे तळवे बघायला लागले. एका म्हाताऱ्या बाईने हात नाकाशी नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “अगं बाई! ही तर अमृतधारा! माझी सासू घरी करायची. पोटात दुखलं की बत्ताशावर दोन थेंब द्यायची!”

पहिल्यांदाच त्या गोदामात खोकल्याखेरीज दुसरा आवाज मोठा झाला. काही हसले, काही चिडले. “मग इतके दिवस आम्हाला काय सांगत होता?” कुणीतरी विचारलं. मी दंड सोडवून घेतला आणि खुर्चीवर चढून पाल्याचं सांगितलं. शिजवून टाकलेला पुदिना, वरून शिंपडलेला गारवा. कुणी पुडी फोडून जमिनीवर फेकली, तर कुणी मला नास्तिक म्हणून शिवी घातली. एका माणसाने माझी खुर्ची खालून लाथाडली. महाराज “परीक्षा आहे, माऊली, परीक्षा!” म्हणत मागच्या शटरकडे सरकले आणि त्याखालून वाकून निघून गेले. इतका मोठा योगी, पण शटर त्याच्याच्याने वर झालं नाही.

आपण जिंकलो असं मला वाटलं, ते जेमतेम मिनिटभर. मग एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कडेवर सहासात वर्षांची मुलगी, मुलीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. बाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

“तुम्ही आलात, मोडलंत, आता घरी जाल,” ती म्हणाली. “आम्ही कुठे जायचं?”

माझ्याकडचे सगळे आलेख, सगळे स्फटिक त्या क्षणी कुचकामी होते. दादा स्टेजच्या कडेवर बसला होता, नाकात नळी, सिलिंडर मांडीवर.

“हिचा पंप कुठाय?” त्याने विचारलं.

“टाकला.”

“अनु, रिक्षा बघ.”

वहिनी त्या दोघींना घेऊन पालिकेच्या हॉस्पिटलात गेली. मुलीला तिथे दाखल करून घेतलं. ती वाचली. आणखी एखादा दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वहिनी अजून त्या मायलेकींकडे जाते. पंप कसा ओढायचा ते तिनेच त्या आईला पुन्हा पुन्हा दाखवलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली. वनमालाकाकूंनी जबानी दिली. गोदामाला कुलूप लागलं. पण विरारकडे कुणी ‘प्राणप्रभू’ अवतरले आहेत असं ऐकते. खडे तेच असणार.

आणि दादा. परळच्या डॉक्टरांनी ओरडा केला नाही. त्यांनी नव्याने तपासण्या लावल्या आणि एवढंच म्हणाले की मधले महिने हाताशी असते तर शरीर यापेक्षा ताकदीचं असतं. या वेळी वहिनीने त्यांना स्पष्ट सांगितलं, “स्क्रीनकडे नका बघू, माझ्याकडे बघून सांगा.” ते तिच्याकडे वळून बसले. अर्धा तास बोलले. वाईटच बोलले, पण खरं बोलले, आणि बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, “हे आधी झालं असतं तर मी तिकडे गेले नसते.” मला ते पटतं. फसवणारा माणूस रिकाम्या जागेतच शिरतो.

म्हणून सांगते. तुमच्या घरात कुणाला धाप लागत असेल, दुखत असेल, डॉक्टरांचे शब्द कळत नसतील, तर त्यांना पुन्हा विचारा, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, भांडून विचारा. गारव्याने बरं वाटत असेल तर बाम जरूर लावा, त्यात पाप नाही. पण औषध बंद करा म्हणणारा, मोजू नका म्हणणारा, शंका घेऊ नका म्हणणारा कुणीही असो, त्याच्या दारातून उठा. शिजलेल्या पाल्यातूनसुद्धा उपयोगाचं काही निघतं, मी त्याच्यावरच पोट भरते. पण आम्ही ते काढतो, मोजतो, दुसऱ्याला मोजायला देतो, आणि त्याचा आकडा जुळला तरच खरं म्हणतो. माणसाच्या श्वासाबद्दल याहून कमी काळजी का घ्यायची?

दादाचं नाव आता यादीत आहे. फुप्फुस मिळालं तर परळहून फोन येईल, कुठल्याही वेळी, फोन जवळ ठेवा, असं त्यांनी सांगितलं आहे. मी तिकडे असले की वहिनी आंघोळीला जातानाही तो माझ्या हातात देऊन जाते. फोन अजून आलेला नाही. येईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. आम्ही वाट बघतो आहोत, ऑक्सिजन चालू ठेवून.